मास्तरांचे निवृत्तिवेतन आणि गावाचे म्हातारपण

किल्लारी : शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न निघाला की ग्रामीण भागात काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांची मोठी अडचण होते. औसा, निलंगा, लोहारा, उमरगा या पट्ट्यातील कोणत्याही गावी पारावर बसून हा विषय काढून पाहावा. सोयाबीनचा भाव पडल्यामुळे आधीच चिडलेला शेतकरी सरळ विचारतो, "मास्तरांना महिन्याच्या महिन्याला पगार आहे, वर पेन्शनही पाहिजे; आम्ही काय म्हातारे होणार नाही?" हा प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर न देता केवळ संघटित कर्मचाऱ्यांच्या मोर्चात झेंडा घेऊन उभे राहणे समाजवादी कार्यकर्त्याला शोभणारे नाही. परंतु या प्रश्नाच्या दडपणाखाली शिक्षकांच्या मागणीकडे पाठ फिरवणे हेही तितकेच चुकीचे ठरेल. शिक्षकांचा आक्षेप नेमका कशाला आहे, तो न्याय्य का आहे, आणि शेतकऱ्याच्या त्या प्रश्नाशी त्याचा संबंध कसा जोडावयाचा, याचा विचार आपण एकदा मुळापासून केला पाहिजे.

२००५ साली काय बदलले?

३१ ऑक्टोबर २००५ रोजी महाराष्ट्र शासनाने एक निर्णय काढला. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत येणाऱ्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहणार नाही. त्यांच्यासाठी परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना असेल, असे त्यात म्हटले होते. शासकीय कर्मचाऱ्यांप्रमाणेच जिल्हा परिषदांचे शिक्षक व अनुदानित खाजगी शाळांतील शिक्षक यांनाही हा निर्णय लागू झाला. पुढे ही योजना केंद्राच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत विलीन करण्यात आली.

जुन्या योजनेत शिक्षकाच्या वेतनातून निवृत्तिवेतनासाठी काहीही कापले जात नसे. पूर्ण सेवा झाल्यावर अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम त्याला मिळे. तिच्यावर महागाई भत्ता मिळे. वेतन आयोग आला की तीही वाढे. आणि त्याच्या मागे त्याच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळे. नव्या योजनेत मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या दहा टक्के रक्कम दरमहा कापली जाऊ लागली. तितकीच रक्कम शासनाने घालावयाची होती. पुढे शासनाचा वाटा चौदा टक्के झाला. हा सर्व निधी गुंतवणूक व्यवस्थापकांकडे जातो. सेवा संपताना जमा रकमेपैकी निदान चाळीस टक्के रकमेची विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यावी लागते आणि तिच्यातून जे निघेल ते त्या शिक्षकाचे निवृत्तिवेतन.

फरक केवळ टक्क्यांचा नाही. पूर्वी शासन शिक्षकाला सांगत होते, 'तू इतकी वर्षे सेवा कर, तुला इतके मिळेल.' आता शासन सांगते, 'तू इतके भर. किती मिळेल ते बाजार सांगेल.' पहिल्या व्यवस्थेत अंशदान अनिश्चित व लाभ निश्चित होता. दुसऱ्या व्यवस्थेत अंशदान निश्चित आहे आणि लाभ अनिश्चित आहे. म्हातारपणाची सारी जोखीम शासनाच्या शिरावरून उतरवून शिक्षकाच्या शिरावर ठेवण्यात आली. 'परिभाषित अंशदान' या शब्दांचा अर्थ एवढाच आहे.

एक साधा हिशेब करून पाहू. निवृत्त होताना एखाद्या शिक्षकाचे मूळ वेतन साठ हजार रुपये आहे असे धरा. जुन्या योजनेत त्याला तीस हजार रुपये आणि त्यावर महागाई भत्ता मिळाला असता. वार्षिकीचा दर सहा टक्के धरला, तर महिन्याला तीस हजार मिळण्यासाठी साठ लाख रुपये वार्षिकीत गुंतवावे लागतात. त्यासाठी चाळीस टक्क्यांचीच वार्षिकी घ्यावयाची, तर एकूण दीड कोटी रुपये जमा असावे लागतील. एवढे करूनही ते तीस हजार आयुष्यभर तीस हजारच राहणार. वीस वर्षांनी डाळ, तेल आणि औषधे यांचे भाव काय असतील, याची दखल ती वार्षिकी घेणार नाही. चाळिशीच्या जवळ येऊन नोकरीत कायम झालेला आणि अठरा-वीस वर्षांच्या सेवेने निवृत्त होणारा शिक्षक तर दीड कोटीचा विचारही करू शकत नाही. मराठवाड्यातील खाजगी शाळांत असे शिक्षक थोडे नाहीत.

कपात झाली, हिशेब कुठे?

योजनेचे तत्त्व बाजूला ठेवून तिच्या अंमलाकडे पाहिले, तरी चित्र समाधानकारक नाही. जिल्हा परिषदांच्या व अनुदानित शाळांच्या शिक्षकांच्या पगारातून वर्षानुवर्षे कपात होत राहिली. परंतु आपल्या खात्यावर किती रक्कम जमा आहे, शासनाचा वाटा पडला की नाही, व्याज किती लागले, याचा लेखी हिशेब मिळवण्यासाठी त्यांना वेतन पथकाचे व पंचायत समितीचे उंबरठे झिजवावे लागले. गावातील पतसंस्थेने ठेवीदाराला पासबुक दिले नाही तर आपण तिला जाब विचारतो. येथे ठेव घेणारे खुद्द शासन होते.

त्याहून गंभीर गोष्ट मृत शिक्षकांच्या कुटुंबांची. नव्या योजनेतील शिक्षक सेवेत असताना दगावला, तर त्याच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद अनेक वर्षे नव्हती. २०१८ साली शासनाने दहा वर्षांच्या आत मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान देण्याचे ठरवले. कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदान यांचा निर्णय मात्र ३१ मार्च २०२३ रोजी, म्हणजे संप होऊन गेल्यानंतर निघाला. योजना लागू झाल्यापासून या निर्णयापर्यंत सतरा वर्षे गेली. या काळात ज्या घरातील कर्ता माणूस गेला, त्या घराने काय सोसले असेल ते निराळे सांगावयास नको.

तिसरी तक्रार अनुदानाच्या तारखेची आहे. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी रीतसर नेमणूक झालेल्या हजारो शिक्षकांच्या शाळा त्या दिवशी विनाअनुदानित होत्या किंवा अंशतः अनुदानावर होत्या. २०१० च्या शासन निर्णयाने असे ठरवले की शाळेला त्या तारखेपूर्वी शंभर टक्के अनुदान मिळालेले नसेल, तर शिक्षकाची नेमणूक आधीची असूनही त्याला जुनी योजना मिळणार नाही. शिक्षकाने शिकवणे सुरू केले तो दिवस मोजावयाचा नाही. शासनाने आपले कर्तव्य पार पाडले तो दिवस मोजावयाचा! अनुदान उशिरा देणारे शासन आणि त्या उशिराची किंमत भरणारा शिक्षक, असा हा न्याय आहे. २००५ पूर्वीच्या जाहिरातीवर निवड होऊन नंतर रुजू झालेल्या कर्मचाऱ्यांना शासनाने २०२४ च्या आरंभी जुन्या योजनेचा पर्याय दिला. मग त्या तारखेपूर्वी प्रत्यक्ष फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकांना तोच न्याय का नाही, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

भिक्षा नव्हे, राखून ठेवलेले वेतन

या प्रश्नाचा इतिहास तरुण कार्यकर्त्यांना ठाऊक असणे आवश्यक आहे. खाजगी माध्यमिक शाळांतील शिक्षकांना निवृत्तिवेतन पूर्वापार मिळत नव्हते. त्यांच्यासाठी अंशदायी भविष्यनिर्वाह निधी असे. त्यात शिक्षक थोडे घाली, संस्था थोडे घाली, आणि निवृत्तीच्या दिवशी जी गंगाजळी हाती पडे तिच्यावर पुढचे आयुष्य काढावयाचे. ती रक्कम मुलीच्या लग्नात किंवा घराच्या डागडुजीत संपली की मास्तर रिकाम्या हाताने बसत. संघटनांनी दीर्घकाळ झगडून ही स्थिती पालटली. १९६८ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९६६ पासून माध्यमिक शिक्षकांना निवृत्तिवेतन योजना लागू झाली. पुढे १९७७ साली खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला आणि संस्थाचालकांच्या मर्जीवर चालणाऱ्या नोकरीला कायद्याचा आधार मिळाला. त्याच वर्षीच्या १४ डिसेंबरपासून राज्यातील कर्मचारी व शिक्षक यांनी र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली ५४ दिवसांचा संप केला. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता ही त्यांची मुख्य मागणी होती.

म्हणजे अंशदानाकडून निवृत्तिवेतनाकडे येण्यास शिक्षकांच्या एका पिढीचा संघर्ष खर्ची पडला, आणि निवृत्तिवेतनाकडून पुन्हा अंशदानाकडे जाण्यास मंत्रालयातील एक आदेश पुरला. २००५ च्या योजनेला 'नवी' म्हणण्यात आले. वस्तुतः ती १९६६ पूर्वीच्या व्यवस्थेचीच सुधारलेली आवृत्ती आहे.

निवृत्तिवेतन म्हणजे मालकाने खुशीने दिलेली बक्षिसी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकरा खटल्यात स्पष्ट केले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने असे मानले की निवृत्तिवेतन हा हक्क आहे. ते मागील सेवेचे मोल आहे. उमेदीच्या काळात ज्यांनी कष्ट केले त्यांना उतारवयात आर्थिक व सामाजिक न्याय देणारी ती तरतूद आहे. हा विचार आपल्या राज्यघटनेतील समाजवादी आशयाशी सुसंगत आहे. सेवेच्या काळात वेतनाचा काही भाग हाती न देता तो म्हातारपणासाठी राखून ठेवला जातो. तो राखलेला भाग बाजारात लावून 'नशीब असेल तर परत मिळेल' असे म्हणण्याचा अधिकार शासनाला कोणी दिला, हा शिक्षकांचा सवाल आहे.

दोष कोणाचा?

या बदलाचे खापर एकाच पक्षाच्या माथी फोडता येणार नाही. केंद्रात नव्या योजनेचा निर्णय २००३ साली वाजपेयी सरकारने घेतला व १ जानेवारी २००४ पासून तो अमलात आणला. महाराष्ट्रात तो काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीने आणला, आणि त्या वेळी मुख्यमंत्रिपदी आपल्याच लातूर जिल्ह्याचे विलासराव देशमुख होते. निवृत्तिवेतन निधीच्या प्राधिकरणाला कायद्याचे कवच २०१३ साली मनमोहनसिंग सरकारने दिले. एरवी एकमेकांवर तुटून पडणाऱ्या या पक्षांचे या एका बाबतीत दहा वर्षे एकमत होते. डाव्या आघाडीच्या पश्चिम बंगालने मात्र आपल्या कर्मचाऱ्यांना या योजनेत ढकलले नाही.

महाराष्ट्रात तर हा घाव एकटा आला नाही. २००० साली शिक्षणसेवक योजना आली आणि पात्रताधारक शिक्षकाची पहिली तीन वर्षे तीन ते पाच हजारांच्या मानधनावर जाऊ लागली. २००१ साली नव्या शाळांच्या माथी 'कायम विनाअनुदानित' असा शिक्का बसला; तो 'कायम' शब्द २००९ साली पुसला गेला, तरी अनुदानाचे पहिले वीस टक्के पदरात पडण्यास २०१६ साल उजाडावे लागले. २००५ साली निवृत्तिवेतन गेले. नोकरीचा आरंभ, मध्य आणि शेवट या तिन्ही ठिकाणी पाच वर्षांच्या आत कुऱ्हाड चालवण्यात आली. यामागे सुसंगत धोरण नव्हते असे कोण म्हणेल?

हे धोरण कोठून आले तेही पाहण्यासारखे आहे. चिलीमध्ये पिनोशे याच्या लष्करी हुकूमशाहीने १९८१ साली सार्वजनिक निवृत्तिवेतन मोडून प्रत्येकाचे वेगळे खाते काढले आणि तो पैसा खाजगी कंपन्यांच्या हाती दिला. मात्र सैन्य व पोलीस यांना त्यातून वगळले. आपल्याकडेही २००४ साली सैन्यदले वगळण्यात आली. ती वगळली हे योग्यच झाले, परंतु योजना इतकी हितकर होती तर वगळण्याचे कारण काय, हा प्रश्न उरतोच. १९९४ साली जागतिक बँकेने वृद्धत्वाच्या संकटावर एक अहवाल प्रसिद्ध केला आणि सक्तीच्या, खाजगी व्यवस्थापनाखालील वैयक्तिक बचतीचा पुरस्कार जगभर सुरू केला. किल्लारीच्या वाचकाला १९९४ हे साल निराळ्या कारणाने आठवते. त्याच साली त्याच बँकेच्या कर्जातून येथील भूकंपग्रस्त गावांच्या पुनर्वसनाचा कार्यक्रम सुरू झाला होता. पडलेली घरे सार्वजनिक पैशाने उभी करावीत हे त्या बँकेला पटले होते. थकलेली माणसे सार्वजनिक पैशाने उभी राहावीत हे मात्र पटले नव्हते.

'तिजोरीवर बोजा' या युक्तिवादाविषयी

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले की जुनी योजना दिली तर एक लाख दहा हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. पुढच्याच महिन्यात शिक्षक मतदारसंघांच्या निवडणुका होत्या. तेव्हा त्यांचीच भाषा बरीच मवाळ झाली. नागपूरच्या शिक्षकांनी तरीही आपले मत नोंदवायचे तसे नोंदवले.

बोजाचा मुद्दा हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. वेतन व निवृत्तिवेतन यांवर राज्याच्या महसुलाचा मोठा हिस्सा जातो ही वस्तुस्थिती आहे. परंतु त्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. जुन्या व्यवस्थेत कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचा पैसा राज्याच्याच लोकलेख्यात राहत असे आणि तो राज्याला वापरता येई. नव्या व्यवस्थेत कर्मचाऱ्याचे दहा टक्के आणि शासनाचे चौदा टक्के दरमहा राज्याबाहेर निधी व्यवस्थापकांकडे जातात. मग तेच शासन विकासकामांसाठी बाजारात कर्जरोखे विकावयास उभे राहते, आणि ते रोखे घेणाऱ्यांत हे निवृत्तिवेतन निधीही असतात. आपल्या विहिरीचे पाणी शेजाऱ्याच्या टाकीत सोडावयाचे आणि तेच त्याच्याकडून विकत घ्यावयाचे, असा हा व्यवहार आहे. शिवाय २००५ नंतर आलेल्यांची मोठी संख्या निवृत्त होईल ती २०३५ च्या पुढे. तोवर शासनाला जुन्यांचे निवृत्तिवेतन आणि नव्यांचे अंशदान असा दुहेरी खर्च करावा लागणार. म्हणजे ज्या बचतीसाठी हे सारे केले, ती बचत उद्याची, आणि पैशाचा ओघ मात्र बाजाराकडे आजच सुरू झाला.

एकदा बाहेर गेलेला हा पैसा परत मिळवणेही सोपे नाही. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब व हिमाचल प्रदेश या राज्यांनी २०२२-२३ मध्ये जुनी योजना पुन्हा आणण्याचे निर्णय घेतले, तेव्हा जमा निधी राज्यांना परत करण्याची कायद्यात तरतूद नाही, असे केंद्राने सांगितले. चिलीच्या वाटेने गेलेल्या अर्जेंटिनाने मात्र २००८ साली खाजगी निवृत्तिवेतन निधी पुन्हा राष्ट्राच्या ताब्यात घेतले. इच्छाशक्ती असली की कायद्याचीही वाट निघते.

आणि बोजाविषयी बोलणाऱ्यांनी आपल्या घरातील हिशेबही मांडावा. माजी आमदाराला दरमहा निदान पन्नास हजार रुपये निवृत्तिवेतन मिळते. त्यासाठी एक मुदत पुरते. पगारातून दहा टक्के कपात लागत नाही. बाजारभावही पाहावा लागत नाही. स्वतःसाठी निश्चित लाभ आणि शिक्षकासाठी निश्चित अंशदान, हा न्याय कोणत्या नीतिशास्त्रात बसतो?

संप आणि तडजोड

१४ मार्च २०२३ रोजी सुमारे सतरा लाख कर्मचारी व शिक्षक 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा देत संपावर गेले. २० मार्चला तो मागे घेण्यात आला. निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली. १ मार्च २०२४ रोजी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन व त्यावर महागाई भत्ता देणारी सुधारित योजना विधिमंडळात जाहीर केली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना काढली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारली.

या तडजोडीचे मूल्यमापन समतोलपणे व्हावे. 'निम्मे वेतन' हे तत्त्व शासनाला पुन्हा मान्य करावे लागले, हा संघर्षाचा विजय आहे. बाजार देईल ते घ्या, ही भूमिका मोडली. पण केंद्राच्या योजनेत दहा टक्के कपात कायम राहिली; पूर्ण लाभासाठी पंचवीस वर्षांची सेवा लागते; आणि आयुष्यभर कापलेली रक्कम मोठ्या प्रमाणात शासनाच्या निधीत राहून कर्मचाऱ्याला तिच्या बदल्यात मर्यादित एकरकमी मोबदलाच मिळतो. जुन्या योजनेत भविष्यनिर्वाह निधी हा शिक्षकाचा स्वतःचा असे. उशिरा अनुदान मिळालेल्या शाळांतील शिक्षकांची पंचवीस वर्षे तर भरणारच नाहीत. केंद्रीय कर्मचाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी हा पर्याय स्वीकारला, यावरून त्यांचाही विश्वास बसलेला नाही हे उघड आहे.

परंतु संपाच्या त्या सात दिवसांत आणखी एक गोष्ट घडली, आणि शिक्षक मित्रांनी तिचा विचार केला पाहिजे. मार्चच्या मध्यास मराठवाड्यासह राज्याच्या अनेक भागांत अवकाळी पाऊस व गारपीट झाली. हाताशी आलेला गहू, हरभरा आडवा झाला आणि कर्मचारी संपावर असल्यामुळे पंचनामे रखडले. दहावी-बारावीच्या परीक्षाही चालू होत्या. शासनाने याचा पुरेपूर लाभ घेतला. कर्मचारी विरुद्ध शेतकरी असे चित्र उभे केले. ते खोटे होते. पण ते इतक्या सहज उभे राहू शकले, कारण संपाच्या मागण्यांत शेतकऱ्याला आपले म्हणावे असे काही नव्हते.

शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर

पारावरच्या त्या प्रश्नाकडे आता वळू. 'आम्ही काय म्हातारे होणार नाही?' याचे उत्तर 'मास्तराचीही पेन्शन काढून घ्या' हे असू शकत नाही. मास्तराची पेन्शन गेली त्या दिवशी शेतकऱ्याला एक रुपयाही मिळाला नाही. २००५ पासूनचा अनुभव समोर आहे. आज श्रावणबाळ व संजय गांधी निराधार योजनांतून वृद्धाला दरमहा पंधराशे रुपये मिळतात, तेही उत्पन्नाचा दाखला, तहसीलच्या खेपा आणि हयातीचा पुरावा यांतून पार पडला तर. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील हिस्सा साठ ते एकोणऐंशी वयापर्यंत दोनशे रुपये आहे. साखर कारखान्यात किंवा गिरणीत हाडे झिजवलेल्या कामगाराला भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतून मिळणारे किमान निवृत्तिवेतन २०१४ साली एक हजार ठरले. ही रक्कम पाहून लाज वाटावी ती मास्तराला नव्हे, राज्यकर्त्यांना. मास्तरांचे निवृत्तिवेतन ही चैन नसून तो किमान मापदंड आहे. त्या मापाने सर्वांना मोजावे, अशी आपली मागणी असली पाहिजे. अरुणा रॉय आणि बाबा आढाव यांच्या पुढाकाराने २०१२ साली पेन्शन परिषदेने हीच दिशा दाखवली होती : प्रत्येक वृद्ध कष्टकऱ्याला किमान वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन.

हे किल्लारीच्या भूमीत समजावून सांगणे कठीण जाऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी या परिसरात सुमारे आठ हजार माणसे दगडमातीखाली गेली. 'मुलगा म्हातारपणची काठी' या भरवशावर जगणारे कित्येक आईबाप त्या पहाटे काठीवाचून उरले. ज्यांनी काही शिल्लक ठेवले होते त्यांची शिल्लकही ढिगाऱ्याखाली गेली. त्या वेळी कोणी त्यांना असे म्हणाले नाही की 'तुमच्या खात्यात जेवढे जमा असेल तेवढेच तुम्हाला मिळेल.' बावन्न गावे सार्वजनिक निधीतून नव्याने वसवली गेली. राष्ट्र सेवा दलाच्या परंपरेतील पन्नालाल सुराणांसारख्या समाजवाद्यांनी नळदुर्गला 'आपलं घर' उभे करून अनाथ मुलांना पोटाशी धरले. एकट्यादुकट्याला न पेलणारी आपत्ती समाजाने वाटून घ्यावयाची असते, हे तत्त्व कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. म्हातारपण ही अशीच, परंतु प्रत्येकावर खात्रीने येणारी आपत्ती आहे. फरक इतकाच की ती पहाटे अचानक येत नाही, हळूहळू येते. म्हणून तिची तरतूद आधी करता येते. ती एकेकाच्या खात्यावर सोडणे म्हणजे भूकंपानंतर ज्याने त्याने आपापला ढिगारा उपसावा असे सांगण्यासारखे आहे.

शिक्षकांना एक गोष्ट मित्रत्वाने सांगितली पाहिजे. किल्लारीपासून फार दूर नसलेल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते, आणि पुढे ते मराठवाड्याच्या मुक्तीच्या लढ्यात उतरले. त्या परंपरेचा दाखला देऊन 'मास्तराने त्याग करावा, वेतन मागू नये' असा उपदेश आज जे करतात ते दांभिक आहेत. त्याग स्वेच्छेने करावयाचा असतो, शासन निर्णयाने नव्हे. पण त्या परंपरेतील दुसरी गोष्ट खरी आहे : तो शिक्षक गावाचा होता. आजचा शिक्षक पुष्कळदा लातूरहून सकाळी येतो आणि सायंकाळी परत जातो; गावातील निराधार म्हातारीचा अर्ज कोणत्या टेबलावर अडला आहे हे त्याला ठाऊक नसते. ज्या हक्काला गावाचा आधार नाही, त्याला लोक सवलत समजतात, आणि सवलत काढून घेणे कोणत्याही सरकारला अवघड जात नाही.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांपुढे कामे स्पष्ट आहेत. शिक्षक संघटनांच्या मागण्यांना, विशेषतः २००५ पूर्वी नेमणूक झालेल्या विनाअनुदानित व अंशतः अनुदानित शाळांतील शिक्षकांच्या मागणीला, आपण निःसंदिग्ध पाठिंबा द्यावा. कपातीचा व शासनाच्या वाट्याचा पै-पैचा हिशेब प्रत्येक शिक्षकाला लेखी मिळावा यासाठी जिल्हा परिषदांवर दडपण आणावे. त्याच वेळी संघटनांच्या व्यासपीठावर जाऊन असा आग्रह धरावा की त्यांच्या मागणीपत्रात जुन्या योजनेच्या खालोखाल दुसरी मागणी शेतमजूर, अल्पभूधारक शेतकरी, ऊसतोड कामगार आणि एकट्या स्त्रिया यांच्या सार्वत्रिक निवृत्तिवेतनाची असावी. आणि प्रत्येक शाळेतील शिक्षकांनी आपल्या गावातील श्रावणबाळ व निराधार योजनांचे अडलेले अर्ज मार्गी लावण्याचे काम अंगावर घ्यावे. अर्ज लिहिता येणे, नियम वाचता येणे, अधिकाऱ्यासमोर न घाबरता बोलता येणे ही शिक्षकाची शक्ती आहे. ती गावाच्या म्हाताऱ्यांसाठी वापरली गेली तर पुढच्या संपाच्या वेळी पारावरचे लोक निराळे बोलतील. कर्मचारी विरुद्ध शेतकरी हे चित्र सरकारला मग रंगवता येणार नाही. गावच्या मास्तराचे आणि गावच्या शेतमजुराचे म्हातारपण एकाच मागणीपत्रावर यावे, हे काम पक्षाच्या कार्यकर्त्यांनी हाती घेतले पाहिजे. कारण दोघांच्याही घरी ज्याचे जाणे-येणे आहे असा दुसरा कोणी आज गावात उरलेला नाही.